एन्क्रिप्शनसह ऑपरेटिंग सिस्टीम परदेशी पाठवायची आहे. जाहीरपत्रात काय लिहावे?

भुसावळ_कंट्रोल यांचा प्रश्न

राम राम मंडळी. भुसावळच्या औद्योगिक वसाहतीत आमचे लहानसे वर्कशॉप असून रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यातील केळीच्या रायपनिंग (पिकवण्याच्या) चेंबरसाठी आम्ही नियंत्रण-पेट्या बनवतो. पेटीत एक छोटा संगणक असतो. तो चेंबरमधील तापमान, आर्द्रता आणि इथिलीनचे प्रमाण मोजतो, पंखे व कॉम्प्रेसर चालू-बंद करतो आणि ठरावीक वेळाने सगळी नोंद मालकाच्या कार्यालयात पाठवतो. या संगणकावर डेबियन लिनक्सच्या आधाराने आम्हीच जुळवलेली ऑपरेटिंग सिस्टीम बसवलेली असते. दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून तिच्यात ओपनएसएसएच आहे, नोंदी सुरक्षित जाव्यात म्हणून ओपनएसएसएल आणि वायरगार्ड आहे, अद्ययावत फाइल आमच्याकडूनच आली आहे हे तपासण्यासाठी जीएनयूपीजी आहे, आणि पेटी चोरीला गेली तरी आतील माहिती वाचता येऊ नये म्हणून डिस्कला क्रिप्टसेटअपचे कुलूप आहे. ही सर्व साधने एन्क्रिप्शन वापरतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा रूपात माहिती बदलण्याचे तंत्र.

आतापर्यंतचा सर्व माल देशातच विकला गेला. आता ओमानमधील एका केळी-व्यापाऱ्याने पेट्यांची मागणी नोंदवली आहे. पेट्यांबरोबर त्यांना ऑपरेटिंग सिस्टीमची संपूर्ण इमेज फाइलही (तंतोतंत प्रत) हवी आहे, कारण संगणक बिघडला तर त्यांचा तंत्रज्ञ तिथल्या तिथे नव्या कार्डावर ती बसवू शकेल. आमच्या कस्टम ब्रोकरने जी कागदपत्रे सहीसाठी पाठवली, त्यात एक ओळ छापलेली आहे: ‘सदर मालात एन्क्रिप्शन अथवा माहिती सुरक्षेची कोणतीही क्षमता नाही.’ मी विचारणा केली तेव्हा ‘सगळेच सही करतात, तुम्हीही करा’ असे उत्तर मिळाले. सही करण्यास मन धजत नाही, कारण विधान उघडउघड खोटे आहे.

भागीदाराचे म्हणणे असे की एन्क्रिप्शनची सर्व पॅकेजे (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) इमेजमधून काढून टाकावीत, ‘नाही’ हे उत्तर खरे करून घ्यावे आणि ओमानला पोहोचल्यावर गिऱ्हाइकाने ती इंटरनेटवरून उतरवून घ्यावीत. हा मार्ग कायद्याच्या दृष्टीने खरोखर उपयोगी आहे काय, की नुसती पळवाट आहे? शिवाय ही पॅकेजे जगभरच्या लोकांनी लिहिलेली असून त्यातील बरीच अमेरिकेतील सर्व्हरवरूनही मिळतात, तेव्हा आम्हाला भारताचा कायदा लागू होतो, अमेरिकेचा की दोन्ही? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तापीकाठ यांचे उत्तर

भाऊ, सही केली नाहीत हे उत्तम केलेत. भागीदारांचा मार्ग नवा नाही. लिनक्सच्या जगाने तो काही वर्षे प्रत्यक्ष वापरून पाहिला आणि गरज संपताच सोडून दिला. त्यामागची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण आजचे नियम तिच्यातूनच घडले आहेत.

तुमच्या शेजारच्या वरणगावला आयुधनिर्माणीत काडतुसे तयार होतात. अमेरिकेच्या कायद्याच्या लेखी १९९६ च्या अखेरीपर्यंत मजबूत एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर त्याच पंगतीत, म्हणजे युद्धसाहित्याच्या यादीत होते आणि ते परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा ठरत होता. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध करून दिले, ते इंटरनेटवरून परदेशी गेले आणि त्यांच्यामागे सुमारे तीन वर्षे फौजदारी चौकशीचा ससेमिरा लागला. १९९६ च्या जानेवारीत खटला न भरताच ती चौकशी थांबली. दरम्यान पीजीपीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिखित मजकूर, अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या प्रकाशनाने चक्क पुस्तक म्हणून छापला, कारण छापील पुस्तकाच्या निर्यातीला बंदी नव्हती; पुढच्या आवृत्तीच्या वेळी अशीच छापील पाने युरोपात नेऊन स्कॅन करण्यात आली आणि त्यातून पुन्हा चालणारे सॉफ्टवेअर उभे करण्यात आले. तोच मजकूर कागदावर असला तर पुस्तक आणि फ्लॉपीवर असला तर शस्त्र, या विसंगतीवर न्यायालयांतही वाद झाला. डॅनियल बर्नस्टाइन या संशोधकाच्या खटल्यात सोर्स कोड हे अभिव्यक्तीचेच रूप आहे असा निर्णय कॅलिफोर्नियातील न्यायालयाने १९९६ मध्ये आणि त्यावरच्या अपील न्यायालयाने १९९९ मध्ये दिला, जरी तो अपिलातील निकाल पुढे पुनर्विचारासाठी मागे घेण्यात आला.

या काळात डेबियनने काय केले, हे तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. एन्क्रिप्शन अमेरिकेत आणायला मनाई नव्हती, फक्त बाहेर न्यायला होती. म्हणून डेबियनने एन्क्रिप्शनची पॅकेजे मुख्य संग्रहातून वेगळी काढली, ‘नॉन-यूएस’ नावाच्या स्वतंत्र विभागात घातली आणि तो विभाग नेदरलँड्समधील सर्व्हरवर ठेवला. डेबियन २.२ ची पहिली सीडी दोन प्रकारांत निघत असे, एक एन्क्रिप्शन असलेली आणि एक नसलेली. ज्याच्या हाती दुसरी पडली त्याला सिस्टीम बसवल्यावर एसएसएच सापडत नसे, आणि आपल्याकडच्या त्या काळच्या डायल-अप जोडणीवर ते वेगळे उतरवून घेण्याऐवजी माणसे सरळ टेलनेट वापरत, ज्यात पासवर्ड तारेवरून उघडा जातो. ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमने वेगळा रस्ता धरला. त्यांचा प्रकल्प कॅनडातील कॅलगरीहून चालत असल्याने एन्क्रिप्शन मूळ सिस्टीममध्येच ठेवता आले. तुमच्या पेटीतील ओपनएसएसएच हे १९९९ मध्ये तिथूनच बाहेर पडले.

क्लिंटन सरकारने १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये एन्क्रिप्शन युद्धसाहित्यातून काढून व्यापार खात्याच्या नियमावलीखाली आणले आणि २००० च्या जानेवारीत, सोर्स कोड सर्वांसाठी खुला असेल तर खात्याला त्याची सूचना देऊन तो परवान्याशिवाय बाहेर पाठवण्याची मुभा दिली. त्याच वर्षी पुढे त्या सोर्स कोडपासून तयार झालेल्या चालत्या फाइलींनाही ही मुभा मिळाली. डेबियनने वकिलांचा सल्ला घेऊन सूचना पाठवण्याची पद्धत बसवली, ‘नॉन-यूएस’मधील पॅकेजे मुख्य संग्रहात आणली आणि २००२ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.० या आवृत्तीत एन्क्रिप्शन प्रथमच मूळ संग्रहाचा भाग झाले. पुढे अमेरिकेने २०२१ मध्ये नेहमीच्या, प्रमाणित पद्धती वापरणाऱ्या खुल्या सोर्स कोडसाठी सूचनेची अटही काढून टाकली. अप्रमाणित, स्वतः रचलेली पद्धत असेल तरच ती आता उरली आहे. खुला आणि प्रसिद्ध केलेला असा कोड अमेरिकी निर्यातनियमांच्या कक्षेतच धरला जात नाही. म्हणून डेबियनच्या मुख्य संग्रहातील ओपनएसएसएल तुम्ही भुसावळहून ओमानला पाठवलेत तर केवळ त्या पॅकेजामुळे अमेरिकेचा नियम तुमच्या मागे येत नाही.

आता पॅकेजे काढण्याविषयी. एन्क्रिप्शन काढलेली किंवा मुद्दाम दुबळी केलेली प्रत बाहेर पाठवण्याचे परिणाम दशकानुदशके रेंगाळतात, हे आपण पाहिलेले आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतून परदेशी जाणाऱ्या ब्राउझरला ४० बिटांच्या, आणि आरएसए या पद्धतीत ५१२ बिटांच्या, किल्लीची मर्यादा होती; एकाच पद्धतीत किल्लीचे बिट जितके जास्त तितके कुलूप मजबूत. नियम गेले, परंतु त्या जुन्या पद्धती सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये तशाच पडून राहिल्या, आणि २०१५ मध्ये फ्रीक व लॉगजॅम या दोन हल्ल्यांनी दाखवून दिले की मध्ये बसलेला माणूस त्या वेळच्या नव्या ब्राउझरलाही त्या दुबळ्या पातळीवर खाली ओढू शकत होता. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्यांना ‘इलीगल की साइझ’ हा संदेश आठवत असेल. एईएस या प्रमाणित एन्क्रिप्शन पद्धतीची २५६ बिटांची किल्ली दिली की प्रोग्राम कोसळायचा आणि ओरॅकलच्या संकेतस्थळावरून दोन लहान पॉलिसी फाइली आणून योग्य फोल्डरात टाकल्या की चालायचा. ती मर्यादाही निर्यातीच्या नियमांचाच अवशेष होती आणि २०१७ मध्ये जावा ९ बरोबर ती मूळ मांडणीतून गेली. व्यापाऱ्याचा तंत्रज्ञ ओमानला वायरगार्ड वेगळे बसवायला विसरला, तर इथिलीनच्या नोंदी आणि चेंबरचे नियंत्रण दोन्ही उघड्यावर येतील. ते टाळण्यासाठीच तर तुम्ही ही पॅकेजे घातली होती.

भारताच्या कायद्याविषयी मात्र निर्यातीच्या कागदपत्रांत मुरलेल्या माणसाने लिहावे.

धुळे_निर्यात यांचे उत्तर

तापीकाठ यांनी अमेरिकेची बाजू नीट मांडली आहे. मी वकील नाही, परंतु परकीय व्यापाराची कागदपत्रे हा माझा रोजचा धंदा असल्याने भारतीय बाजू सांगतो, आणि तुम्हाला प्रथम लागू होतो तो हाच कायदा, कारण माल न्हावा-शेवाहून सुटणार आहे.

दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना उपयोगी पडणाऱ्या वस्तूंची आपल्याकडे स्कोमेट नावाची यादी आहे. ती विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली चालवते. एन्क्रिप्शन या यादीत ठळकपणे आले ते २०१७ मध्ये, जेव्हा आठवा वर्ग भरण्यात आला आणि त्यात दूरसंचाराच्या शेजारी ‘माहिती सुरक्षा’ हा भाग घालण्यात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये भारत वासेनार व्यवस्थेचा, म्हणजे अशा वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, सदस्य झाला आणि आठव्या वर्गाची भाषा जवळजवळ शब्दशः त्या व्यवस्थेच्या यादीवरूनच घेतलेली आहे. ब्रोकरच्या छापील नमुन्यातील ती ओळ येथूनच आलेली दिसते. कोणीतरी यादीतील मथळा उचलून जाहीरपत्रात बसवला आणि मथळ्याखालच्या अटी व सवलती वाचण्याची तसदी घेतली नाही. कायदा ‘मालात एन्क्रिप्शन आहे काय’ एवढेच विचारत नाही. तसे असते तर प्रत्येक मोबाइल फोन परवान्याशिवाय बंदरात अडकला असता. माल यादीतील वर्णनात बसतो काय, आणि बसत असल्यास कोणत्या सवलतीने बाहेर पडतो, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

वर्णन असे आहे की माहितीची गुप्तता राखण्यासाठी वापरलेले एन्क्रिप्शन ठरावीक पातळीपेक्षा मजबूत असेल, म्हणजे एकाच किल्लीच्या पद्धतीत ५६ बिटांहून किंवा आरएसएसारख्या पद्धतीत ५१२ बिटांहून अधिक, तर ते तपासणीखाली येते. तुमच्या पॅकेजांतील एईएस आणि वायरगार्ड दोन्ही या रेषेच्या बरीच पलीकडे आहेत, तेव्हा ‘कोणतीही क्षमता नाही’ हे विधान टिकण्यासारखे नाही. परंतु पुढे यादी हेही पाहते की वस्तूचे मुख्य काम कोणते आहे: माहिती सुरक्षा, संगणन, संदेशवहन, की काही वेगळेच. रायपनिंग चेंबर चालवणारी पेटी ही संगणक विकत घेणाऱ्या माणसासाठी बनवलेली नाही. वासेनारच्या यादीत नागरी उद्योगांतील जाळ्याला जोडलेल्या उपकरणांसाठी एक वेगळी सूट आहे. उपकरण एका ठरावीक नागरी उपयोगासाठीच खास बनवलेले असावे, त्यातील एन्क्रिप्शन त्या उपयोगापुरतेच चालावे, आणि ते प्रसिद्ध किंवा व्यापारात रूढ असलेल्या प्रमाणित पद्धतींचेच असावे, असा तिचा आशय आहे. तुमची पेटी या वर्णनाच्या फार जवळ जाते. अंतिम वर्गीकरण करताना डीजीएफटीच्या संकेतस्थळावरील यादीची त्या दिवशीची आवृत्तीच समोर ठेवा, कारण ती वेळोवेळी सुधारली जाते.

इमेज फाइलचा प्रश्न पेटीपेक्षा वेगळा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पेटी कंटेनरमधून जाते, तिचे शिपिंग बिल होते; इमेज मात्र तुम्ही सर्व्हरवर ठेवाल किंवा लिंक पाठवाल, आणि सॉफ्टवेअरचे असे इलेक्ट्रॉनिक हस्तांतर हेही कायद्याच्या दृष्टीने निर्यातच असते. तिला शिपिंग बिल नाही म्हणून ती नियमाबाहेर, असे समजू नका. भागीदारांच्या सूचनेचा पाया येथेच ढासळतो. ओमानच्या तंत्रज्ञाने पॅकेजे तुमच्या सर्व्हरवरून घेतली तर निर्यात तुम्हीच केलेली असेल. त्याने ती डेबियनच्या संग्रहातून घेतली तर जी गोष्ट जगाला खुली आहे ती त्याने घेतली, मग ती तुम्ही इमेजमध्ये ठेवली असती तरी काय बिघडले असते?

कारण यादीच्या सर्वसाधारण सॉफ्टवेअर टिपेनुसार, पुढील प्रसारावर कोणतेही बंधन न ठेवता सर्वांना उपलब्ध केलेले सॉफ्टवेअर नियंत्रणाबाहेर राहते. दुकानात सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची जी सवलत त्याच टिपेत आहे ती माहिती सुरक्षेच्या भागाला लागू होत नाही, त्यासाठी तेथे वेगळी आणि अधिक कडक अशी टीप आहे. परंतु खुल्या सॉफ्टवेअरची सवलत लागू होते. जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात कॉपीराइटच्या अटी असतात म्हणून ही सवलत मिळत नाही, असा गैरसमज मी अनेकदा ऐकला आहे. व्याख्येतच स्पष्ट लिहिले आहे की केवळ कॉपीराइटच्या बंधनामुळे सॉफ्टवेअर खुल्या वर्गातून बाहेर पडत नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही सिस्टीमही डेबियनवरच उभी आहे, तेव्हा या प्रकारचे वाटप आपल्या सरकारी संस्थांनाही परके नाही.

उरतो तो तुमचा स्वतःचा, बंद ठेवलेला भाग. तो कोणासाठी खुला नाही, म्हणून त्याला ही सवलत नाही आणि त्याचे वर्गीकरण स्वतंत्रपणे करावे लागेल. तुमच्या प्रोग्रामने नुसते ओपनएसएसएलला बोलावले असेल तर प्रकरण सोपे राहते. त्यात काही वेगळे केले असेल तर येथे लिहा.

एक जाता जाता सांगतो. ब्रोकर कदाचित ‘भारतात ४० बिटांच्या वर चालत नाही’ असेही म्हणेल. ती अट इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या परवान्यांतील होती, आणि तीही अशा काळात की रिझर्व्ह बँक २००१ पासून बँकांना १२८ बिटांचा आग्रह धरत होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ८४-अ सरकारला एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवून देण्याचा अधिकार देते, २०१५ मध्ये तसे धोरणही मसुद्याच्या रूपात आले होते आणि टीका होताच मागे घेतले गेले. या सर्वांचा तुमच्या निर्यातीशी संबंध नाही.

भुसावळ_कंट्रोल

दोघांचेही मनापासून आभार. धुळे_निर्यात यांनी विचारले म्हणून सांगतो, आमच्या प्रोग्राममध्ये खरोखरच एक वेगळी गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असलेल्या एका हुशार मुलाने स्वतःची एक एन्क्रिप्शनची पद्धत लिहिली होती. पेटीचा परवाना-क्रमांक तिच्यानेच तपासला जातो, आणि नोंदींची जी प्रत कार्डावर साठवली जाते तीही याच पद्धतीने गुप्त केली जाते. हा कोड आम्ही कोणाला दाखवलेला नाही, कारण ‘कोणाला माहीतच नाही तर फोडणार कोण’ असा आमचा हिशेब होता.

दुसरे असे की ओमानच्या व्यापाऱ्याचे एक गिऱ्हाईक इराणमधील बंदर अब्बासला आहे आणि काही पेट्या पुढे तिकडे पाठवण्याचा त्यांचा विचार आहे. आपली केळी इराणला जातातच, त्यामुळे पेट्या जाण्यात काही वेगळे असेल असे आम्हाला वाटले नव्हते.

चाळीसगाव_सर्व्हर यांचे उत्तर

पहिल्या मुद्द्यावर मी लिहितो. आतापर्यंतच्या सगळ्या चर्चेत ओपनएसएसएल हा संशयित होता आणि तो निर्दोष निघाला. अडचण निघाली ती तुमच्या त्या घरगुती पद्धतीत. ती काढून टाका, आणि निर्यात होवो न होवो, काढून टाका.

निर्यातीच्या बाजूने पाहिले तर ती तीन ठिकाणी आडवी येते. ती प्रसिद्ध केलेली नाही, म्हणून खुल्या सॉफ्टवेअरची सवलत तिला नाही. ती प्रमाणित नाही, म्हणून नागरी उपकरणांच्या ज्या सुटीचा उल्लेख वर आला तिची अट मोडते, आणि एका लहानशा फंक्शनमुळे अख्खी पेटी त्या सुटीबाहेर जाण्याची शक्यता निर्माण होते. उद्या तुम्ही कोड खुला करून अमेरिकेतील एखाद्या सर्व्हरवर ठेवायचे ठरवलेत, तर अप्रमाणित पद्धतीसाठी तेथील सूचनेची अट अजून उभी आहेच. सुरक्षिततेच्या बाजूने तर बोलायलाच नको. ज्या पद्धतीवर जगातील अभ्यासकांनी वर्षानुवर्षे हल्ले करून पाहिलेले नाहीत ती सुरक्षित आहे असे मानायला कोणताही आधार नसतो. डीईएस ही १९७० च्या दशकातील सरकारमान्य पद्धत होती, तरीही ईएफएफ या संस्थेने १९९८ मध्ये खास बनवलेल्या यंत्राने तिची किल्ली तीन दिवसांच्या आत शोधून दाखवली. तुमच्याकडच्या मुलाची पद्धत फोडायला यंत्रही लागणार नाही. कार्डावरील प्रोग्राम उलगडून वाचता येणारा एक विद्यार्थी पुरेल, आणि असे विद्यार्थी शिरपूर-जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मिळतात.

बदल करणे फार कठीण नाही. परवाना-क्रमांकाला मुळात गुप्ततेची गरजच नाही. तो तुम्हीच दिला आहे एवढे सिद्ध व्हावे लागते. त्यासाठी डिजिटल सही वापरा. खासगी किल्ली भुसावळला तुमच्याकडे राहील आणि पेटीत फक्त सही तपासणारी सार्वजनिक किल्ली जाईल. याचा दुहेरी लाभ असा की यादी ज्या एन्क्रिप्शनवर नियंत्रण ठेवते ते गुप्ततेसाठीचे आहे. ओळख पटवणे, डिजिटल सही, मजकुरात फेरफार झालेला नाही याची खात्री आणि कॉपी-संरक्षण ही कामे त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली आहेत. जीएनयूपीजीने अद्ययावत फाइलची सही तपासणे हेही याच सदरात मोडते. राहिली कार्डावरील नोंदींची प्रत. क्रिप्टसेटअपने डिस्कला कुलूप असताना त्याच नोंदींवर दुसरे कुलूप कशासाठी घातले होते हे मला समजले नाही. ते काढले तरी चालेल, आणि ठेवायचेच असेल तर ओपनएसएसएलमधील एईएस वापरा.

हे केल्यावर तुमच्या बंद प्रोग्राममध्ये स्वतःचे असे एन्क्रिप्शन काहीच उरणार नाही. मग इमेजमध्ये कोणती पॅकेजे डेबियनची जशीच्या तशी आहेत, कोणत्यांत तुम्ही बदल केला आणि कोणती तुमची, याची आवृत्तीसह यादी पॅकेज-व्यवस्थापकाकडून काढून घ्या. बदल केलेल्या पॅकेजांपैकी जी जीपीएलखाली आहेत त्यांचा सोर्स कोड गिऱ्हाइकाला द्यावाच लागतो; तो नुसता मागेल त्याला न देता सर्वांसाठी संकेतस्थळावर ठेवलात तर ‘सर्वांना उपलब्ध’ ही अटही निर्विवाद पूर्ण होईल.

धुळे_निर्यात

चाळीसगाव_सर्व्हर यांनी सांगितलेली पॅकेजांची यादी जपून ठेवा, वर्गीकरणाच्या टिपणाला तीच जोडायची आहे.

आता बंदर अब्बास. केळी आणि पेटी यांत फरक आहे. भारत-इराण व्यापाराला आपल्या कायद्याने सरसकट बंदी नाही, परंतु आपल्या निर्यातनियमांत इराणसाठी वेगळी बंधने आहेत आणि अंतिम वापरकर्ता कोण हे जाणून घेण्याची जबाबदारी निर्यातदारावर असते. माल ओमानच्या नावाने पाठवायचा आणि तो पुढे कुठे जाणार हे ठाऊक असूनही कागदावर ओमान हेच अंतिम ठिकाण दाखवायचे, हे ब्रोकरच्या त्या ‘नाही’पेक्षाही धोक्याचे खोटे विधान होईल. आम्हाला माहीत नव्हते असे म्हणायला आता तुम्हाला जागा उरलेली नाही, कारण गिऱ्हाइकाने तुम्हाला ते सांगितलेले आहे.

शिवाय येथे अमेरिका परत येते, पण सॉफ्टवेअरच्या दाराने नाही. खुले एन्क्रिप्शन तिच्या नियमांच्या कक्षेबाहेर असले, तरी पेटीतील अमेरिकी बनावटीची चिप कक्षेबाहेर नसते. परदेशी बनलेल्या वस्तूत अमेरिकेतून आलेले नियंत्रित घटक ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक मोलाचे असतील तर तिच्या पुढील निर्यातीवर अमेरिका आपला नियम सांगते. हे प्रमाण बहुतेक देशांसाठी २५ टक्के आहे, इराणसारख्या देशांसाठी १० टक्के. पेटीतील संगणकाचा बोर्ड विकणाऱ्याच्या अटींतही निर्बंध असलेल्या देशांत पुनर्विक्री न करण्याचे कलम बहुधा असतेच, ते काढून वाचा. पैसे डॉलरमध्ये येणार असतील तर व्यवहार अमेरिकी बँकेतून फिरतो आणि तेथे तो अडकू शकतो. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने २०१९ मध्ये इराणमधील वापरकर्त्यांची खासगी कोड-भांडारे रोखली होती आणि अमेरिकेच्या अर्थखात्याकडून परवाना मिळवल्यानंतरच २०२१ मध्ये ती पूर्ववत सुरू केली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे चुकले नाही ते आपल्याला चुकेल असे मानू नये.

माझा सल्ला असा की पहिली खेप फक्त ओमानमधील चेंबरसाठी पाठवा, व्यापाऱ्याकडून अंतिम वापराचे प्रमाणपत्र घ्या, त्यात पेट्या आणि इमेज फाइल दोन्हींचा उल्लेख असू द्या आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या देशात पाठवणार नाही अशी अट घाला. इराणची मागणी वेगळी ठेवून तिच्यासाठी वकिलाचा लेखी सल्ला घ्या. खर्च होईल, पण पेट्यांच्या किमतीच्या मानाने तो मोठा नाही.

ब्रोकरच्या नमुन्यातील ती ओळ सरळ खोडा आणि तिच्या जागी असे लिहून द्या: ‘सदर उपकरण केळी पिकवण्याच्या चेंबरच्या नियंत्रणासाठी खास बनवलेले असून त्यात प्रमाणित व सार्वजनिकरीत्या उपलब्ध असे एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर आहे. निर्यातदाराने स्कोमेट यादीशी पडताळणी केली असून वर्गीकरणाचे टिपण सोबत जोडले आहे.’ ब्रोकर कुरकुर करेल, करू द्या. त्याला शंका राहिली किंवा तुमच्याच मनात नागरी उपकरणांच्या सुटीविषयी किंतु उरला, तर डीजीएफटीच्या पोर्टलवर अर्ज करून त्यांचेच मत मागवा. आंतरमंत्रालयीन गटाकडे प्रकरण गेले तर वेळ लागतो, म्हणून ओमानच्या व्यापाऱ्याला माल पोहोचवण्याची तारीख देण्याआधी हे उरकून घ्या.

भुसावळ_कंट्रोल

परवाना-क्रमांकासाठी डिजिटल सहीचा बदल आजपासूनच हाती घेत आहोत. ओमानच्या व्यापाऱ्याला अंतिम वापराच्या प्रमाणपत्राचा मसुदा पाठवला असून बंदर अब्बासच्या पेट्या या मागणीतून वगळण्यास त्यांची हरकत नाही असे त्यांनी फोनवर कळवले; तेच लेखी मागवले आहे. एक शंका राहते. पेट्या विकल्यानंतर सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आम्ही आमच्या सर्व्हरवरून पाठवत राहणार, तर त्या प्रत्येक वेळी नव्याने वर्गीकरण करावे लागेल काय?

धुळे_निर्यात

प्रत्येक वेळी नाही. डेबियनकडून आलेली सुरक्षिततेची दुरुस्ती जशीच्या तशी पुढे जात असेल तर ती खुल्या सॉफ्टवेअरच्याच सवलतीत बसते. एन्क्रिप्शनची पद्धत बदलली, किल्लीची लांबी वाढवली, किंवा पेटीला नवे काम दिले, उदाहरणार्थ उद्या तिच्यातूनच कार्यालयातील सर्व संगणकांची व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणी, चालवू लागलात, तर मात्र टिपण नव्याने लिहा, कारण त्या दिवशी ती पेटी केळी पिकवण्यापुरती राहिलेली नसेल आणि नागरी उपकरणाची सूट तिला मिळणार नाही.